रोजकीर्द आणि खतावणी

जुन्या पेढीवर दोन प्रकारच्या वह्या असत. एक रोजकीर्द व दुसरी खतावणी. रोजकीर्दींत त्या त्या दिवशीं जें घडलें तें, ज्या क्रमानें घडलें त्याच क्रमानें, त्याच दिवशीं लिहावयाचें. शिल्लक मोजून मेळ घालावयाचा आणि मगच दुकान बंद करावयाचें. खतावणी मागाहून, सवडीनें तयार होई. कीर्दींतील विखुरलेल्या नोंदी उचलून त्या ज्याच्या त्याच्या खात्यांत मांडणें हें तिचें काम. खतावणींतील क्रम हा घडण्याचा क्रम नव्हे. तो समजण्याच्या सोयीचा क्रम होय. तरीहि खतावणीला कोणी खोटी म्हणत नसे. उलट, महिनाअखेर बसून सगळी कीर्द एका हातानें व एका शाईनें लिहून काढणारा कारकून, त्याचा हिशेब शेवटच्या पैपर्यंत जुळत असला तरी, अविश्वासास पात्र ठरे. मागाहून लिहिणें हें एकच कृत्य एका वहींत कौशल्य आणि दुसरींत अपराध कां ठरावें, हें ज्याच्या ध्यानांत आलें त्याला माझ्या आजच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर मिळालेंच म्हणावयाचें.

प्रश्न वरवर पाहतां आमच्या धंद्यापुरता आहे. संगणकशास्त्राच्या पदवी-अभ्यासक्रमांत सॉफ्टवेअर तयार करण्याच्या पद्धति शिकविल्या जातात. त्या कशा शिकवाव्या, हा तो प्रश्न. अशा विषयाचें वाङ्मयीन मासिकांत काय प्रयोजन, असें वाचकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु आज बँकेंतील ठेव, शिधावाटपाचा हक्क, रुग्णाच्या शरीरांत जाणाऱ्या किरणांची मात्रा, ह्या सर्व गोष्टी कोणीतरी लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या स्वाधीन झाल्या आहेत. तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास वयाच्या विसाव्या वर्षीं आम्ही कोणती सवय लावतों, हा प्रश्न केवळ तंत्राचा राहत नाहीं. तो नीतीचा होतो.

प्रथम ह्या पद्धति कोठून आल्या तें पाहूं. 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हें नांव जगापुढें ठळकपणें आलें तें १९६८ च्या ऑक्टोबरांत, पश्चिम जर्मनींतील गार्मिश येथें नाटोच्या आश्रयाखालीं भरलेल्या परिषदेंत. मोठाले प्रोग्रॅम वेळेंत पुरे होत नव्हते, खर्च हाताबाहेर जात होता आणि हातीं आलेली वस्तु भरवशाची ठरत नव्हती. पूल बांधणारा ज्या शिस्तीनें पूल बांधतो तसली शिस्त ह्या नव्या धंद्यासहि हवी, असा त्या नांवाचा अभिप्राय होता. पुढें १९७० सालीं विन्स्टन रॉइस ह्या अमेरिकन तंत्रज्ञानें एक निबंध वाचला. त्यांत त्यानें कामाच्या पायऱ्या एकीखालीं एक अशा मांडून दाखविल्या : गरजा ठरवाव्या, त्यांचें पृथक्करण करावें, आराखडा काढावा, प्रोग्रॅम लिहावा, त्याची चाचणी घ्यावी, मग तो वापरांत आणावा. ह्याच चित्राला पुढें 'वॉटरफॉल' म्हणजे धबधबा हें नांव पडलें. रॉइसच्या निबंधांत तें नांव नाहीं. इतकेंच नव्हे, तर इतक्या सरळ रीतीनें काम करूं गेल्यास तें धोक्याचें आहे व अपयशाला आमंत्रण देणारें आहे, असें त्यानें त्याच निबंधांत बजाविलें आहे. आणि नवें काम असेल तर तें एकदां करून पाहून पुन्हा करावें, असाहि त्याचा सल्ला आहे. पाठ्यपुस्तकांनीं चित्र उचललें. इशारा मात्र बहुधा मागेंच राहिला.

ह्या शिस्तीचा अतिरेक झाला तेव्हां तिच्याविरुद्ध बंडहि झालें. २००१ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील यूटा संस्थानांत स्नोबर्ड येथें सतरा जण जमले व त्यांनीं 'अजाइल' ह्या नांवानें एक छोटासा जाहीरनामा काढला. साधनें व प्रक्रिया ह्यांपेक्षां माणसें व त्यांचा परस्पर संवाद, भरगच्च दस्तऐवजांपेक्षां चालणारा प्रोग्रॅम, करारांतील घासाघिशीपेक्षां ग्राहकाचें सहकार्य, आणि आंखलेल्या बेतापेक्षां बदलाला सामोरें जाणें, ह्यांना त्यांनीं अधिक मोल दिलें. उजवीकडच्या गोष्टी निरुपयोगी आहेत असें त्यांनीं म्हटलें नाहीं. डावीकडच्या अधिक मोलाच्या आहेत, एवढेंच म्हटलें. हा सूक्ष्म भेदहि वर्गांत पोंचेपर्यंत बहुधा गळून पडतो.

आतां आमच्या वर्गांत काय घडतें तें सांगतों. सर्वच कॉलेजांत असेंच घडतें असें मी म्हणत नाहीं. जेथें माझें आयुष्य गेलें तेथलें सांगतों. शेवटच्या वर्षीं चार-चार मुलांचा एक गट एक प्रोग्रॅम तयार करतो. वर्षाच्या अखेरीस त्यांना काळ्या कापडी बांधणीचा एक अहवाल द्यावा लागतो. त्याला मुलें 'ब्लॅक बुक' म्हणतात. त्या अहवालाचीं प्रकरणें ठरलेलीं असतात. गरजांचें पत्रक, आराखड्याच्या आकृत्या, वेळापत्रक, चाचण्यांचे तक्ते, हें सर्व त्यांत हवें; आणि त्या सर्वांवर योग्य त्या महिन्याची तारीख हवी. मुलें काय करतात? आधीं प्रोग्रॅम कसाबसा उभा करतात, आणि सबमिशनच्या आधल्या आठवड्यांत बसून त्या प्रोग्रॅमकडे पाहत पाहत त्याच्या 'गरजा' लिहून काढतात. मूल जन्मल्यावर डोहाळ्यांची यादी करावी, तसाच हा प्रकार.

एका तोंडी परीक्षेंत एका गटाला मी विचारलें, "गरजांच्या पत्रकावर जुलैची तारीख आहे. पालकांच्या फोनवर संदेश पाठविण्याची सोय त्यांत लिहिली आहे. ही कल्पना तुम्हांला जुलैंतच सुचली होती का?"

मुलगा सरळ होता. तो म्हणाला, "नाहीं सर, ती फेब्रुवारींत सुचली. पण फॉरमॅटमध्यें हा चॅप्टर पहिला आहे ना, म्हणून आधींची तारीख टाकली."

त्याच्या स्वरांत अपराधाची छटा नव्हती. असण्याचें कारणहि नव्हतें. त्याच्या समजुतीप्रमाणें त्यानें शिस्तच पाळली होती, आणि ती शिस्त आम्हींच त्याला शिकविली होती.

माझा स्वतःचा अपराध ह्याहून मोठा आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका विद्यार्थिनीनें आपल्या अहवालांत एक पान असें लिहिलें होतें : पुढील सात चाचण्या ठरविल्या होत्या, परंतु वेळ न उरल्यामुळें केल्या नाहींत, एकाच वेळीं दोन माणसांनीं नोंद केल्यास काय होईल तें आम्ही तपासलेलें नाहीं. मी तिला म्हटलें, "हें पान काढून टाक. बाहेरचे परीक्षक पाहतील, उगीच गुण कापतील." ती क्षणभर थांबली, मग "बरं सर" म्हणून गेली. दुसऱ्या दिवशीं अहवाल आला तेव्हां त्या सातहि चाचण्यांपुढें 'उत्तीर्ण' असें छापलेलें होतें. मी सही केली. मी तिला पान काढावयास सांगितलें होतें, खोटें लिहावयास सांगितलें नव्हतें, असें समाधान मी कांहीं दिवस करून घेतलें. तें टिकलें नाहीं. तिच्या अहवालांतील सर्वांत मोलाचें पान मीं फाडवलें होतें; तिच्या चार वर्षांच्या शिक्षणांत ह्याहून परिणामकारक धडा तिला दुसऱ्या कोणी दिला असेल असें मला वाटत नाहीं.

ह्यावर एक विद्वत्तापूर्ण आक्षेप येतो, आणि तो टाळतां येण्याजोगा नाहीं. डेव्हिड पार्नास व पॉल क्लेमेंट्स ह्यांनीं १९८६ सालीं एक निबंध लिहिला. त्यांचें म्हणणें असें कीं, पूर्णपणें तर्कशुद्ध क्रमानें कोणीहि कधींहि सॉफ्टवेअर तयार करीत नाहीं व करूं शकणारहि नाहीं. ग्राहकाला आपणांस काय हवें तें नेमकें सांगतां येत नाहीं. पुष्कळ बारकावे काम करतांनाच कळतात. माणसाच्या हातून चुका होतात. तरीहि, जणूं आपण तर्कशुद्ध क्रमानेंच गेलों अशा रीतीनें दस्तऐवज तयार करावे, कारण पुढें वाचणाऱ्याला तेच उपयोगी पडतात. क्रमाचें सोंग घ्यावें, असें ते उघडच म्हणतात. मग आमच्या मुलांनीं निराळें काय केलें?

हा आक्षेप नीट तपासला तर त्यांतूनच प्रकाश पडतो. युक्लिडच्या सिद्धतेंत ती सुचण्याचा क्रम दिसत नाहीं. आपल्या न्यायशास्त्रानें तर हा भेद नांवें देऊन सांगितला आहे. डोंगरावर धूर पाहून स्वतःशींच अग्नीचें अनुमान करणें हें स्वार्थानुमान. तेंच दुसऱ्यास पटविण्यासाठीं प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय व निगमन ह्या पांच अवयवांनीं मांडणें हें परार्थानुमान. पांच अवयवांनीं बोलणारा माणूस 'मला हें ह्याच क्रमानें सुचलें' असें म्हणत नसतो. तो म्हणतो, 'तुला हें ह्या क्रमानें समजेल.' पार्नास ह्यांचा दस्तऐवज असलाच आहे. तो वस्तूविषयीं बोलतो : हा प्रोग्रॅम काय करतो, त्याचे भाग कोणते, ते तसे कां केले, कोणते पर्याय विचारांत घेऊन सोडून दिले. तो खतावणी आहे. मागाहून लिहिल्यानें तो असत्य होत नाहीं. उलट मागाहून सुधारला नाहीं तरच असत्य होतो.

परंतु चाचणीचा तक्ता काय म्हणतो? 'अमुक दिवशीं अमुक अंक दिला, तेव्हां यंत्रानें अमुक उत्तर दिलें.' बैठकीचा वृत्तांत काय म्हणतो? 'त्या दिवशीं अमुक जण जमले, व असें ठरलें.' हीं वस्तूविषयींचीं विधानें नव्हत. हीं घटनेविषयींचीं विधानें आहेत, आणि त्यांच्याखालीं सही करणारा साक्षीदार आहे. ही रोजकीर्द आहे. न घडलेल्या चाचणीपुढें 'उत्तीर्ण' लिहिणें ही मांडणीची सोय नव्हे, ती खोटी साक्ष होय. जुलैच्या तारखेचें पत्रकहि ह्याच न्यायानें तपासावें. पत्रकांतील मजकूर मागाहून लिहिला ह्यांत दोष नाहीं. त्यावर जुलै घातला ह्यांत आहे. मजकूर खतावणीचा आहे, पण तारीख कीर्दीची आहे. आमच्या शिक्षणाचा खरा दोष हा कीं, एकाच काळ्या बांधणींत आम्ही ह्या दोन्ही वह्या एकत्र शिवतों, आणि त्यांतील भेद मुलांना एकदांहि सांगत नाहीं.

नव्या पद्धतीनें ह्यांत सुधारणा झाली असेल असें कोणास वाटल्यास तो भ्रम आहे. हल्लीं धबधब्याच्या जागीं पुष्कळ ठिकाणीं 'स्क्रम' आला आहे. त्यांत रोज पंधरा मिनिटांची उभ्याउभ्या बैठक घ्यावयाची आणि जास्तींत जास्त महिन्याभराच्या 'स्प्रिंट' नांवाच्या टप्प्यांनीं काम करावयाचें असतें. आमचीं मुलें शेवटच्या रात्रीं बसून चार टप्प्यांचीं कामें वांटून टाकतात आणि न भरलेल्या बैठकींचे वृत्तांत तयार करतात. प्रोग्रॅमचा प्रत्येक बदल तारीखवार जपून ठेवणारें 'गिट' नांवाचें साधन २००५ पासून उपलब्ध आहे. ती ह्या धंद्याची खरीखुरी रोजकीर्दच. परंतु पुष्कळ गटांच्या गिटमध्यें वर्षभराचें सगळें काम एकाच रात्रीं एकाच नोंदीनें जमा झालेलें दिसतें. एका अर्थी ती नोंद त्या सबंध अहवालांतील सर्वांत सत्य ओळ असते, आणि ती वाचण्याची तसदी कोणी घेत नाहीं.

'अहो, हा तर सराव आहे. नोकरींत गेल्यावर मुलें खरें लिहितील,' असें कांहीं सहकारी म्हणतात. ॲरिस्टॉटलनें सांगून ठेवलें आहे कीं, न्यायाचीं कृत्यें करून करूनच माणूस न्यायी होतो. ह्याचा उलट अर्थहि तितकाच खरा आहे. तक्त्याचा रकाना हा भरण्यासाठीं असतो, तपासण्यासाठीं नव्हे, असा संस्कार जर चार वर्षें झाला, तर पगार सुरू होतांच तो पुसला जाईल अशी अपेक्षा कशाच्या बळावर करावयाची? नोकरींत तर रकान्यामागें वरिष्ठांचा धाक आणि ग्राहकाची घाईहि येऊन मिळते.

आणि नोकरींत ह्या वह्यांवर माणसांचें आयुष्य अवलंबून असतें. कॅनडांत तयार झालेल्या 'थेरॅक-२५' ह्या किरणोपचार-यंत्रानें १९८५ ते १९८७ ह्या काळांत सहा रुग्णांना मात्रेपलीकडे किरण दिले. त्यांतून मृत्यूहि ओढवले. पुढें १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसून आलें कीं, त्याचा प्रोग्रॅम एकाच माणसानें लिहिलेला होता, तो लिहितांना लेखी दस्तऐवज फारच थोडा ठेवला गेला होता, आणि पहिल्या तक्रारी आल्या तेव्हां 'असें होणें शक्य नाहीं' असें उत्तर देण्यांत आलें होतें. जेथें नोंदच नाहीं तेथें 'शक्य नाहीं' हे शब्द फार सोपे होतात.

दुसरें उदाहरण तर हिशेबाच्या वह्यांचेंच आहे. ब्रिटनमधील पोस्टाच्या शाखांत १९९९ पासून 'होरायझन' नांवाची संगणकीय हिशेब-व्यवस्था बसविण्यांत आली. तिच्या हिशेबांत तूट दिसूं लागली, आणि शाखा चालविणाऱ्या साध्या माणसांवर चोरीचे व अफरातफरीचे खटले झाले. नऊशेंहून अधिक लोक दोषी ठरले. कांहीं तुरुंगांत गेले, कांहींनीं घरें विकून न घेतलेला पैसा भरला. व्यवस्थेंतील ज्ञात दोषांची नोंद तंत्रज्ञांपाशीं होती. ज्यांच्यावर खटले चालले त्यांच्या हातीं मात्र ती आली नाहीं. व्यवस्थेंत दोष होते असा निकाल उच्च न्यायालयानें दिला तो २०१९ च्या डिसेंबरांत, आणि त्या शिक्षा सरसकट रद्द करण्यासाठीं पार्लमेंटला २०२४ सालीं खास कायदा करावा लागला. हें सर्व कॉलेजांतील एका खोट्या तक्त्यामुळें घडलें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु 'हा दोष आम्हांस माहीत आहे' हें वाक्य योग्य जागीं मोठ्यानें म्हणण्याची सवय ज्या धंद्याला नाहीं, त्या धंद्यांत निरपराध माणूस चोर ठरूं शकतो, एवढें ह्यावरून सिद्ध होतें. आणि मला तेव्हां तें फाडवलेलें पान आठवतें. त्या पानावर नेमकें तेंच वाक्य होतें.

मग ह्या पद्धति पदवीच्या वर्गांत शिकवूंच नयेत काय? असें म्हणणारेहि आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. पद्धति ही एका दुखण्यावरील औषध आहे. शेंकडों माणसें, अनेक वर्षें, बदलणारे ग्राहक व सोडून जाणारे सोबती, हें तें दुखणें. चार मित्रांनीं एका खोलींत तीन महिन्यांत केलेल्या कामाला तें होतच नाहीं. म्हणून औषध त्यांना निव्वळ कडू लागतें. पीटर नाउर ह्या डॅनिश विद्वानानें १९८५ सालीं असेंहि मांडलें कीं, प्रोग्रॅमचें खरें ज्ञान तो करणाऱ्यांच्या मनांत वसतें. तें कागदावर संपूर्णपणें उतरत नाहीं. हें सर्व मान्य करूनहि मला वाटतें कीं, उपाय पद्धति वगळण्यांत नाहीं. आधीं दुखणें अनुभवास आणून द्यावें आणि मग औषध द्यावें, ह्यांत आहे.

तें दुष्करहि नाहीं. नव्या गटाला नवा प्रोग्रॅम करावयास न सांगतां गेल्या वर्षीच्या गटाचा प्रोग्रॅम द्यावा, व त्यांत एक बदल करावयास सांगावें. जाणून घेण्यासाठीं अहवाल उघडावा, आणि तो खोटा निघावा. दस्तऐवज कशासाठीं असतो हें त्या एका आठवड्यांत मुलांना जेवढें कळेल, तेवढें माझ्या चाळीस व्याख्यानांनीं कळणार नाहीं. अर्ध्या वर्षानंतर ग्राहकाचें मन बदलावें, म्हणजे अजाइलचा जाहीरनामा पाठ करावा लागणार नाहीं. दोन वह्या वेगळ्या ठेवाव्या : खतावणी शेवटीं, सुबक व सुधारलेली, तिच्यावर ती लिहिल्याचीच खरी तारीख, आणि कीर्द रोजची, ओबडधोबड, खोडाखोड न करतां. कीर्दींत चूक झाली तर जुनी नोंद पुसावयाची नसते, दुरुस्तीची नवी नोंद घालावयाची असते. फ्रेडरिक ब्रूक्स ह्यानें १९७५ सालच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकांत असा सल्ला दिला होता कीं, पहिला प्रोग्रॅम टाकून द्यावा लागणारच, तेव्हां तसाच बेत करून ठेवा. वीस वर्षांनीं नवी आवृत्ति निघाली तेव्हां त्यानें जुना मजकूर तसाच राहूं दिला आणि तो सल्ला चुकीचा होता असें नव्या प्रकरणांत लिहिलें. धंद्यांतील शिस्तीचा ह्याहून चांगला वस्तुपाठ मला माहीत नाहीं.

आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, 'केलें नाहीं' असें लिहिणाऱ्यास गुण द्यावे. हें बोलावयास सोपें व करावयास कठीण आहे, हें मी जाणतों. परीक्षक अनोळखी असतो, तक्ता छापील असतो, त्यांत 'प्रामाणिकपणा' असा रकाना नसतो. आणि एका गटाच्या सत्याची किंमत शेजारच्या गटाच्या असत्याशीं तुलना होऊन ठरते. ज्या शिक्षकानें एकट्यानें हा नियम पाळला त्याच्या विद्यार्थ्यांना कांहीं काळ तरी तोटा होईल. तो तोटा त्यांच्या माथीं मारण्याचा मला काय अधिकार, हा प्रश्न मला अजूनहि छळतो. माझ्यापुरतें मी एवढेंच ठरविलें आहे कीं, तोंडी परीक्षेच्या वेळीं मी गटाबरोबर बसतों, आणि परीक्षकांच्या हातीं अहवाल देतांना न केलेल्या चाचण्यांचें पान मीच उघडून देतों. कांहीं परीक्षक तें वाचून कपाळाला आंठ्या घालतात. कांहीं मात्र तेथेंच थांबून मुलांशीं पहिल्यांदा खऱ्या अर्थानें बोलूं लागतात.

पद्धति शिकविणें म्हणजे पायऱ्यांचीं नांवें पाठ करविणें नव्हे. आपण काय केलें, काय केलें नाहीं, आणि काय माहीत नाहीं, हें दुसऱ्याला कळेल अशा रीतीनें नोंदवून ठेवण्याचें तें व्रत आहे. धबधबा आला, स्क्रम आला, उद्यां आणखी कांहीं येईल. तीं सारीं नांवें खतावणीचीं खातीं आहेत, बदलतील. शिल्लक मोजून मेळ घातल्याशिवाय दुकान बंद करावयाचें नाहीं, हा कीर्दीचा नियम मात्र बदलणारा नाहीं. त्या विद्यार्थिनीचा पत्ता माझ्यापाशीं नाहीं. ती आज कोठेंतरी मोठ्या हुद्द्यावर असेल, आणि तिच्या हाताखालची एखादी मुलगी न केलेल्या चाचण्यांचें पान घेऊन तिच्यापुढें उभी राहील. त्या वेळीं तिला माझी आठवण न व्हावी, एवढीच माझी इच्छा आहे.